खोटे चार दिवस

कॉलेजात असताना माझी पाळी सहा-सहा महिने यायची नाही. कोलकात्यातल्या सियालदहच्या डॉक्टरीणबाईंनी रोज दोरीवरच्या उड्या मारायला सांगितलं. मी गच्चीवर घाम गाळायचे. आमच्याकडे राहणाऱ्या आत्याला संशय नको म्हणून आई मला दर महिन्याला चार दिवस खोटंच बाजूला बसवायची. तेव्हा उड्याही बंद.

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी पाळी खरीच आली. खोटं बसून आठवडाही झाला नव्हता, आता कोणत्या तोंडानं सांगणार? आईलाही कळू दिलं नाही. गौरीपुढे नैवेद्य ठेवला, जमलेल्या मराठी बायकांना त्याच हातांनी डाळ-पन्हं दिलं.

पुढच्या खेपेला आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "उड्यांचा काही उपयोग नाही हो."