आईची आतली खुर्ची

माझ्या बाबांइतका मख्ख माणूस शोधून सापडायचा नाही. आई गेली तेव्हाही त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. दोघंही एकाच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची. तिथे दोघांत स्वरलिपीची पानं ठेवायचा एक स्टँड असतो. आतल्या खुर्चीवरच्यानं वाजवणं थांबवून पान उलटायचं, बाहेरच्यानं वाजवत राहायचं. आतली खुर्ची कायम आईची. "यांची पानं उलटण्यातच माझा जन्म गेला," असं ती चारचौघांत म्हणायची आणि बाबा ढिम्म.

दर हिवाळी सुट्टीत ते एका जुन्या बॅलेचं संगीत वाजवतात. नाचणारं कुणी नसतं, नुसतं संगीत. यंदा बाबांशेजारी एक नवी मुलगी आली. ती पान उलटायला चुकेल, म्हणून बाबांनाच आत बसवलं.

मी पहिल्या रांगेत होते. पान संपलं. पुढचं पाठ नसल्यामुळे मुलगी थांबली. बाबा मात्र वाजवतच राहिले.

"काका, पान!" ती कुजबुजली.

"उलटेल की ती," बाबा म्हणाले. आईच्याच खुर्चीवर बसून.