बाहेर न पडणारे दोन गोल

पुरवठा कार्यालयात कॉम्प्युटरवर अर्ज भरून घेणारा तो गृहस्थ आम्हा आंदोलनवाल्यांना थंडच वाटायचा. बोलणं सगळं जर-तरचं. चहावाल्यालाही सांगायचा, "साखर असंल तर घाल, नसंल तर गूळ घाल, दोन्ही न्हाय तर परत ने."

हुपरीचं सासर सोडून शहरात आलेल्या एका बाईंचं रेशन कार्ड अडलं होतं. कार्डाला वीजबिल हवं आणि वीजबिलाला कार्ड. मी धिक्काराचं पत्रक घेऊन गेलो. त्यानं ते शांतपणे वाचलं आणि त्याच कागदाच्या पाठीमागं गोल काढायला लागला.

"गोल म्हंजे माणूस आत्ता कुठं हाय. बाण म्हंजे कुठला कागद दिला की कुठं जाणार. दुहेरी गोल म्हंजे काम झालं."

बाईंच्या दोन गोलांचे बाण एकमेकांकडंच जात होते. दुहेरी गोल बाजूला एकटाच.

"बघा पावणं, हे गोल-बाणांचं मशीन बरोबर चालतंय. नियमच असा लिवलाय की कोण भाईर पडत न्हाय. शिव्या दिल्या तर साहेब चिडतील, हे दाखवलं तर उत्तर द्यावं लागंल की."

मी कागद साहेबांपुढं ठेवला. "हे कुणी काढलं?" साहेब ओरडले. त्याची नोकरी कंत्राटी, म्हणून मी त्याचं नाव घेतलं नाही. तो स्वतःच उठून आला.

"मी काढलं, साहेब. वीजबिलाच्या जागी शेजाऱ्यांचा जबाब चालत असंल तर हितनं बाण निघतोय," म्हणत त्यानं तो काढला आणि खाली सही केली.

बाईंना कार्ड मिळालं. त्याचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. का वाढवलं नाही, हे विचारायला मी तीनदा अर्ज दिला. कारण अजून लेखी मिळालेलं नाही.