‘अंगठे धर’चे प्रताप

बँडमध्ये वाजवायला आम्हाला आठवड्यातून जेमतेम दोन तास मिळतात. किस्से मात्र ओव्हरटाइम न मागता तयार होत राहतात. आमच्या अल्बमचंच घ्या. गाणी आठच झाली, पण तो करताना काय काय घडलं ते सांगायला बसलो की समोरच्याचा चहा गार होतो आणि तो विचारतो, "खरंच?" अहो, खरंच!

आधी मंडळींची ओळख. मी गिटार वाजवतो, सिंगापुरात तोआ पायोहला राहतो. ड्रम्सवर स्वाती. ती बुओना व्हिस्टाच्या एका लॅबमध्ये पोस्टडॉक आहे, आणि ज्या दिवशी तिचा प्रयोग फसतो त्या दिवशी फार सुंदर वाजवते. बेसवर फरीद, इथलाच, मलाय. आणि गायक प्रसाद.

आम्ही वाजवतो त्याला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. गिटार करवतीसारखी चालते, ड्रम्स अंगावर धावून येतात आणि गायक घशाच्या तळातून गुरगुरतो. शब्द कळत नाहीत. कळू नयेत अशीच पद्धत आहे.

आता हा प्रसाद मूळचा पुण्याचा, इथे एका बँकेत आयटी मॅनेजर, बायको-मुलीसह बिशानला राहणारा. आवाज इतका मवाळ की ऑनलाइन मीटिंगमध्ये तो बोलायला लागला की कुणीतरी हमखास म्हणतं, "प्रसाद, यू आर ऑन म्यूट."

"नो," प्रसाद म्हणतो, "आय ॲम टॉकिंग."

*

असा माणूस गायक झाला कसा? आमचा आधीचा गायक बदली होऊन गेला होता. प्रसाद जॅमिंग स्टुडिओत आला होता तो फक्त माझं ड्रिल मशीन परत द्यायला. फरीदला माइक तपासायचा होता. तो म्हणाला, "ब्रो, से समथिंग. एनीथिंग."

प्रसादने माइक हातात घेतला. त्याने डोळे मिटले, आणि त्या चिमुकल्या देहातून कुठून कोण जाणे, जनरेटर सुरू व्हावा तसा आवाज निघाला. "डोक्यात भुसा भरलाय का रे, गाढवा!"

स्वातीच्या हातातली काठी खाली पडली. फरीद म्हणाला, "वा लाउ, ब्रो! हू हर्ट यू?"

प्रसाद ड्रिलची वायर गुंडाळत हळूच म्हणाला, "माय फादर. ही वॉज अ मॅथ्स टीचर."

*

तिथून आमचा अल्बम सुरू झाला. प्रसादचे वडील, म्हणजे नाना, जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना जे बोलायचे ते घरी आल्यावर प्रसादला बोलायचे, वर थोडं जास्तच. उत्तर बरोबर आलं तरी शाबासकी नाही, नुसतं ‘हं. पुढचं?’ ते सगळं प्रसादला तोंडपाठ. आम्हाला वेगळा गीतकार शोधावाच लागला नाही! ‘दिवे लावलेस’, ‘काय उजेड पाडलास’, ‘पांग फेडलेस’, ‘शेजारचा मन्या बघ’ अशी एकेक गाणी होत गेली. शेवटचं ‘अंगठे धर’, आणि अल्बमचं नावही तेच. या गाण्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात आणि त्या शांततेत प्रसाद एकटा ओरडतो, "बघतोस काय? अंगठे धर!" मग पुन्हा सगळे तुटून पडतात.

अल्बमच्या कार्यक्रमासाठी हॉल बघितला. हॉलवाल्या बाईंनी गाण्यांचा अर्थ इंग्रजीत मागितला. स्वातीने दोन प्रयोगांच्या मधे, घाईघाईत, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करून पाठवलं. तू दिवे लावलेस. तू केवढा प्रकाश पाडलास. तू आईवडिलांचं ऋण फेडलंस.

बाईंचं लगेच उत्तर आलं. "सो अपलिफ्टिंग! इज युअर्स अ प्रेयर ग्रुप?"

स्वाती खुलासा करायला बसली, तर फरीदने तिचा लॅपटॉपच बंद केला. "डोन्ट करेक्ट, डोन्ट करेक्ट! हॉल कन्फर्म ऑलरेडी!"

*

गाण्यांचं रेकॉर्डिंग प्रसादच्या घरी झालं. इथल्या सरकारी फ्लॅट्समध्ये जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक छोटी खोली असते, बॉम्ब शेल्टर. बॉम्ब काही पडत नाही, म्हणून सगळे तिथे सुटकेसेस ठेवतात. प्रसादच्या शेल्टरमध्ये तांदळाची पोती आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर. त्या दोन्हींच्या मधे उभा राहून तो रविवारी सकाळी गुरगुरायचा. मखरामुळे आवाज घुमत नाही, हा माझा शोध!

पण भिंती कितीही जाड असल्या तरी शेजारच्या चिनी आंटीचे कान त्याहून तिखट. एका रविवारी ती दारात उभी. हातात काळ्याकुट्ट औषधाची बाटली. प्रसादच्या बायकोला, मुग्धाला, जवळ घेऊन म्हणाली, "युअर हजबंड सो पूअर थिंग. एव्हरी संडे व्हॉमिट."

मुग्धाला खरं सांगायची लाज वाटली. तिने बाटली घेतली. गंमत म्हणजे त्या औषधाने प्रसादचा घसा असा काही मोकळा झाला की उरलेली तीन गाणी एका बैठकीत झाली. अल्बमवर पहिले आभार आंटीचे आहेत.

त्याच दिवसांत प्रसादच्या मुलीची, इराची, मैत्रीण खेळायला आली होती. शेल्टरमधून आवाज आला तशी ती घाबरली. इरा खेळणं न सोडता म्हणाली, "इट्स ओके लाह. पापा इज ओन्ली स्कोल्डिंग हिमसेल्फ."

*

अल्बम ऑनलाइन आला, आणि आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरा ऐकला गेला. परदेशातल्या एका समीक्षकाने लिहिलं की हे एका प्राचीन पंथाचे शापमंत्र असावेत. आम्ही त्याला अजून कळवलेलं नाही की ते सहामाहीच्या निकालाच्या दिवशीचं बोलणं आहे.

थंड देशातल्या कुणा श्रोत्याने प्रसादला मेसेज केला. "हू इज मन्या? इज ही अ डीमन?"

प्रसादने उत्तर पाठवलं. "वर्स. फर्स्ट इन क्लास."

*

आणि अशा सगळ्या आनंदात नाना महिनाभर राहायला आले!

प्रसादची झोप उडाली. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, तो माझ्यासमोर बसला. त्याच्या चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही.

मी म्हटलं, "अरे, घाबरतोस काय? शब्द कुणालाच कळत नाहीत."

"कळले तर?" तो म्हणाला. "त्यांना वाटेल, पोराने जगभर आपली टिंगल केली. मी टिंगल नाही रे केली. लहानपणी त्यांच्याशी माझं बोलणं झालं ते एवढंच. ते मी टाकून नाही दिलं, त्याची गाणी केली. पण हे त्यांना सांगणार कोण?"

"तू सांग."

"मी? त्यांच्यासमोर माझा पाढासुद्धा बंद पडायचा."

मला वाईट वाटलं. चेष्टा करायची सवय असली तरी त्या दिवशी केली नाही.

मग लपवालपवी सुरू झाली. पोस्टर्स शेल्टरमध्ये गेली आणि शेल्टरला कुलूप. नानांना सांगितलं की आम्ही मित्र मिळून थोडंफार संगीत करतो, एक छोटासा कार्यक्रमही आहे. नाना म्हणाले, "बरं." सगळं लपलं, राहिला तो इराच्या अंगातला अल्बमचा टी-शर्ट! पण त्याचीही भीती नव्हती, कारण आमच्या प्रकारात अल्बमचं नाव वाचता येईल असं काढतच नाहीत. वडाच्या पारंब्यांचा गुंता दिसतो, बस. तो टी-शर्ट घेतलेल्या एकालाही त्यावर काय लिहिलंय ते आजवर सांगता आलेलं नाही.

नानांनी चष्मा वर केला, नातीला उजेडात उभं केलं आणि खडाखडा वाचलं, "अंगठे धर."

प्रसादच्या हातून चमचा पडला. "नाना, तुम्हाला हे वाचता आलं?"

"याहून वाईट अक्षरं तपासलीत," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "कार्यक्रम कधी आहे म्हणालास? मी येतो."

*

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी. दीडशे माणसं मावतील एवढा हॉल, आणि सगळे काळ्या कपड्यांत. त्यात नाना एकटे पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन, कानात मुग्धाने दिलेले कापसाचे बोळे. फरीदच्या केसाळ मित्रांनी धावत जाऊन खुर्ची आणली. "अंकल सिट, अंकल सिट!" आणि खुर्ची ठेवली ती नेमकी स्टेजसमोर, पहिल्या रांगेत.

दुसऱ्या गाण्याला पोरांची धक्काबुक्की सुरू झाली. ती आमच्याकडे रीतच आहे. नाना उभे राहिले आणि बोट वर करून म्हणाले, "वन बाय वन!" तुमचा विश्वास बसणार नाही, पण पोरांनी रांग केली. नानांना वळसा घालून एकेक जण येऊन धडकू लागला!

प्रसाद मात्र सुरुवातीपासून मागच्या भिंतीकडे बघून गात होता. सात गाणी त्याने तशीच निभावली. आठवं ‘अंगठे धर’. आम्ही ठरल्याप्रमाणे थांबलो. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. स्वातीने झांजेवर चार ठोके दिले. आता प्रसादची ओळ.

प्रसादने माइक तोंडाशी नेला, आणि कसं कोण जाणे, त्याची नजर खाली गेली. नाना त्याच्याकडेच बघत होते.

प्रसाद गप्प.

स्वातीने झांजेवर पुन्हा चार ठोके दिले. मी त्याच्याकडे बघितलं तर तिथे चाळिशीचा मॅनेजर नव्हताच. फळ्यासमोर उभं केलेलं पोरगं होतं. स्वातीने तिसऱ्यांदा ठोके दिले. आम्ही संपलो, असं मी मनात म्हटलं.

नाना सावकाश उठले. कानातले बोळे काढून खिशात ठेवले. आणि माइक नाही, काही नाही, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात गरजले,

"बघतोस काय? अंगठे धर!"

स्वातीने त्याच क्षणी ड्रम्स फोडले. प्रसाद स्टेजवर कमरेत वाकला, एका हाताने अंगठा धरला, दुसऱ्या हातात माइक, आणि आयुष्यात कधी गायला नव्हता असा गायला. समोरच्या पोरांना वाटलं की ही या गाण्याची स्टेपच आहे. अख्खा हॉल वाकला! दीडशे काळ्या पाठी, आणि त्यांच्यामधे एकटे नाना उभे.

गाणं संपलं. पोरं "अंकल! अंकल!" करून हॉल डोक्यावर घेत होती. प्रसाद अजून वाकलेलाच होता, आणि त्याच्या नाकावरून पाणी ओघळत होतं.

नाना खुर्चीत बसले, चष्मा पुसला, परत लावला आणि प्रसादकडे बघून म्हणाले, "हं. पुढचं?"