शेंगांच्या खोलीतल्या चंद्रप्रभाबाई

आमच्या कॉलेजात जिन्याखाली एक खोली आहे. तिच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली तेव्हा मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं हसलो होतो. मी केमिस्ट्री शिकवतो. आईबाप लेकराला लातूरला डॉक्टर व्हायला पाठवतात, गप्पा मारायला नाही, असं माझं तेव्हा मत होतं आणि अजूनही ते पुरतं बदललेलं नाही. पोरांचंही काही वेगळं नव्हतं. त्या दारातून कुणी आत गेलं की दुसऱ्या दिवशी वर्गात कुजबुज सुरू व्हायची, 'ह्याचं डोकं सरकलंय म्हणे.'

त्या खोलीत चंद्रप्रभाबाई आल्या. मूळच्या नांदेडच्या, शिक्षकांच्या घरातल्या. बोलणं हळू, चालणं तुरुतुरु. सुरुवातीला त्या नुसत्याच रिकाम्या बसून राहायच्या. मग एक दिवस त्यांनी शिपायाकडून पाटी उतरवून घेतली, कपाटामागं सरकवली आणि टेबलावर सूपभर भुईमुगाच्या शेंगा आणून ठेवल्या. आलेल्या पोराला 'तुला काय त्रास आहे' असं त्या कधी विचारत नसत. 'बस, मला शेंगा फोडू लाग,' एवढंच म्हणत. हात कामात आणि नजर सुपात असली की लेकरं आपसूक बोलतात, असं त्यांचं म्हणणं. निम्मे दाणे तर पोरंच फस्त करायची.

मी चिडवायचो, "बाई, घरी कुटाला काही उरतं की नाही?"

"सर, तुम्हीही या एकदा फोडायला. तुमच्याही पोटात बरंच साठलंय," त्या म्हणायच्या. मी काही गेलो नाही, पण पोरं जायला लागली.

शिवांगी त्यातलीच. भोकरजवळच्या गावातली, बारावी होऊन मेडिकलच्या परीक्षेला पुन्हा बसणारी, म्हणजे आमच्या भाषेत रिपीटर. माझ्या विषयात तिचे मार्क दर टेस्टला घसरत होते. पण वाद घालावा तर तिनंच. मेसवाल्यानं वरणात पाणी वाढवलं की सगळ्या मुली तिलाच पुढं करायच्या, आणि मेसवाला हात जोडून म्हणायचा, "वकीलबाई, उद्यापासून घट्ट करतो." सगळं होस्टेल तिला वकीलबाईच म्हणायचं.

शेंगा फोडता फोडता बाईंनी तिला विचारलं, "तुला खरंच वकील व्हायचंय का गं?"

पोरीचे हात थांबले. "लई वाटतं, बाई," ती म्हणाली. आणि लगेच, "पण घरी नका सांगू. एवढ्यात तर नकाच."

घरी सांगू नका, हे तिथं येणारं दर दुसरं पोर म्हणायचं. बाईंना वाटलं, ही नेहमीचीच भीती. बाप येतो, आरडाओरडा करतो, डोळे पुसतो आणि शेवटी लेकराच्या बाजूनं होतो, हे त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. त्यांनी नांदेडच्या वकिलीच्या प्रवेशाची, वसतिगृहाची सगळी माहिती काढली आणि शिवांगीच्या वडिलांना बोलावून घेतलं.

हणमंतराव आले. घरची भरपूर शेती असलेला, शांत माणूस. ओरडणं तर सोडाच, त्यांनी स्वतः सुपातल्या शेंगा हातात घेतल्या. बाईंचं सगळं ऐकून म्हणाले, "पोरगी वाळून चालली, ते आम्हाला बी दिसूनच राहिलं होतं. बरं झालं तुम्ही सांगितलं. बघतो आम्ही." जाताना त्यांनी शिवांगीला विसाव्याला म्हणून घरी नेलं. बाई स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. "इतका समजूतदार बाप मी पाहिला नाही," म्हणाल्या आणि सगळ्यांना चहा पाजला.

शिवांगी परत आलीच नाही. तिच्या लग्नाची पत्रिका आली.

बाई मिळेल ती एस.टी. पकडून गावी गेल्या. तिथं काय झालं ते परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं. हणमंतरावांनी त्यांना आदरानं बसवलं, जेवू घातलं. बाईंनी वकिलीचं काढलं तेव्हा ते समजुतीनं बोलले. "डॉक्टर व्हायली म्हणून सोयरे आजवर थांबले होते, बाई. लातूरला हाय म्हणलं की कुणी इचारत नव्हतं. आता डॉक्टर व्हायची न्हाई म्हणल्यावर काय सांगून थांबवू? वकिली काय, सासरचे शिकवतो म्हणतेत."

शिवांगीची आई सिंधुताई दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

निघताना शिवांगी पाण्याचा तांब्या घेऊन अंगणापर्यंत आली. "बाई, मला बी ठावं होतं मी डॉक्टर होत न्हाई म्हणून," ती हळूच म्हणाली. "पण तिथं होते तंवर लग्नाचं कुणी काढत न्हवतं. तेवढ्यात काहीतरी जमवलं असतं मी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं बाई मला म्हणाल्या आणि तिथंच खुर्चीत बसून रडल्या.

हणमंतरावांनी एस.टी.त शेंगांचं पोतं चढवून दिलं होतं. "पोरगी सांगत असायची, बाईंकडं शेंगा लागतेत म्हणून," असं म्हणाले. उपकार मानूनच दिलं बिचाऱ्यांनी. बाईंनी ते जिन्याखालच्या खोलीत आणून कोपऱ्यात ठेवलं आणि बरेच दिवस त्याला हात लावला नाही.

यंदा निलंग्याकडची वर्षाराणी त्या खोलीत जायला लागली. तीही रिपीटर, आणि माझ्या विषयात शिवांगीपेक्षाही कच्ची. तिच्या वडिलांचा बाईंना फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "होईल हो डॉक्टर. अजून एक वर्ष राहू द्या इथं."

फोन ठेवल्यावर मी उखडलो. "ती होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. खोटं कशाला सांगता?"

"माहीत आहे, सर," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मी खरंच सांगितलं होतं."

एवढ्यात वर्षाराणी आली. बाईंनी उठून कोपऱ्यातल्या पोत्याची शिवण उसवली, सूप भरलं आणि तिच्यापुढं ठेवलं. पोरीनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"लई गोड हायत, बाई. कुठल्या?"

बाईंनी सुपातली शेंग उचलली. फोडता फोडता म्हणाल्या, "आमच्या एका वकीलबाईंच्या घरच्या आहेत."