प्रुफातलं पान उलटताना

तीस वर्षं नवरा हस्तलिखित स्वल्पविरामांसकट मोठ्यानं वाचायचा आणि बायको प्रुफातल्या चुका सुधारायची. हे काम एकट्यानं होत नाही, उगाच बढाया मारू नयेत. जाणिवेचं शास्त्र उभारणाऱ्या एका जर्मन तत्त्वज्ञाचं भाषांतर निम्म्यावर असताना नवरा गेला. छापखान्यानं बजावलं, सोमवारपर्यंत झालं नाही तर काम दुसऱ्याला देऊ. तिनं नणंदेला समोर बसवलं.

"वस्तू खरोखर आहे का, हे बाजूला ठेवावं, स्वल्पविराम, ती कशी भासते तेवढंच पाहावं. वहिनी, हा माणूस जेवायचा तरी का गं?"

"पूर्णविराम राहिला."

"तुला रडू कसं येत नाही? दगड आहेस नुसती!"

तिला काहीच वाटत नव्हतं. दात काढण्याआधी जबडा बधिर करतात, तसं सगळं अंग झालं होतं.

नणंद पुढच्या पानावर गेली, तरी ही आधीच्याच पानावर पेन्सिल धरून थांबलेली.

"अगं, पान उलट की!"

"तू खोकली नाहीस."

"काय?"

"पान संपलं की ते खोकायचे. मग मी उलटायची."

नणंद हळूच खोकली. हिनं पान उलटलं.

प्रुफं सोमवारी वेळेवर गेली.