गेममध्ये रोही एकच होता

भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आलो. कॉम्प्युटर शिकवणारा माणूस मी. मशीनला जे सांगाल तेवढंच ती करते, हे कित्येक पोरांना ऐकवलं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली — खरं तर कारण तेवढंच नाही, ते पुढे येईलच.

कापसाची ती वाईट वर्षं. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. दिग्रसला एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या ऑफिसात माझा क्लास होता, चार मशीनचा. प्रमिला जवळच्या खेड्यातून सायकलने यायची. एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर तिने गेम बनवायला घेतला. हिरो कोण, तर रोही. शहरातले लोक नीलगाय म्हणतात तो.

मी म्हणालो, "अवं, जो पीक खाऊन जाते त्यालेच हिरो?"

"मंग काय सर, त्याच्यासारखी उडी कोण मारते? तुमच्यानं धुरा तरी ओलांडते का?"

अख्खा क्लास हसला. मीही.

रोहीने धुरे, म्हणजे शेतांचे बांध, ओलांडायचे, दगड ढकलायचे, युक्तीने फाटकं उघडायची. सहा लेव्हल झाल्या. सातवी अडली, कारण फाटक उघडणारा दगड पलीकडे आणि रोही अलीकडे.

"हे कसं सुटते?" मी विचारलं.

"पात लागल्यावर कसं सुटते, तसं."

कापूस वेचताना प्रत्येक बाईला काही ओळी नेमून देतात, ती तिची पात. जिची आधी संपते, ती मागे राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते आणि दोघी मध्ये भेटतात. तसं समोरून कोणीतरी यायला हवं होतं. पण ते दुसरं जनावर काढायच्या आतच वेचणी लागली आणि प्रमिलाचं येणं थांबलं.

त्याच आठवड्यात यवतमाळच्या एका क्लासवाल्यांचा निरोप आला. स्वतः प्रोजेक्ट केलेला एखादा हुशार विद्यार्थी पाठवा, शिकवायला ठेवून घेतो. निरोप सरळसरळ प्रमिलासाठी होता. मी तिला सांगितला नाही. गेमवरचं तिचं नाव काढून माझं टाकलं, सीडी खिशात घातली आणि सकाळच्या एसटीने स्वतःच गेलो.

भर दुपारी मुलाखतीला बसलेल्या दोघा परीक्षकांसमोर गेम दाखवला. सहाव्या लेव्हलला थांबणार होतो, पण त्यातल्या मॅडम म्हणाल्या, "पुढचं दाखवा ना."

सातवी उघडली. रोही फाटकाशी थांबला. काम अजून बाकी आहे असं मी म्हणणार, तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कडेने एक तपकिरी मादी चालत आली. सावकाश. दगडावर उभी राहिली. फाटक उघडलं.

"वा," मॅडम म्हणाल्या. "छान सुचलं तुम्हाला."

नोकरी मला मिळाली.

परत येऊन फाइल तपासली. गेममध्ये जनावराचं चित्र एकच, करड्या नराचं. तीच सीडी पुन्हा चालवली, मशीन बदलून पाहिलं, तेच तेच दाबून पाहिलं... रोही फाटकाशी उभाच. इतक्या वर्षांत ती मादी पुन्हा दिसली नाही. कशी आली, मला आजही सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात प्रमिलाच्या गावी गेलो. ती आता अंगणवाडीत आहे. सगळं सांगितलं, निरोपासकट. ती सुपातले तांदूळ निवडत होती.

"ते जागा माही होती, सर."

"हो."

"मले वाटे, पोरं येत नाहीत म्हणून तुम्ही क्लास बंद केला." तिने सूप खाली ठेवलं. "मादी तपकिरी होती म्हणता?"

"तपकिरी."

"मी तर काढलीच नव्हती." मग एकदम पुढे सरकून म्हणाली, "मंग फाटक उघडल्यावर काय झालं? आपला रोही तिकडे गेला, का ते इकडे आली?"

फाटक उघडलं तेव्हा मी परीक्षकांच्या तोंडाकडे पाहत होतो.