परातीतलं चक्र

आमची आत्या बायजाबाई कोराडीत राहते. कॉलनीत तिला रागीट म्हणतात आणि ते खरंच आहे. वीजकेंद्राच्या राखेचा ट्रक ताडपत्रीशिवाय गेला, तर ती रस्त्यात उभी राहून ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरते. पण जयंतीच्या आदल्या दिवशीचा राग निराळा होता, आणि त्या रागात मीही तिच्याबरोबर होते.

एप्रिलचं कडक ऊन बघून तिनं गच्चीवर रवा वाळत घातला होता. मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या थाळीत लोटा उपडा घालायचा आणि त्यावर परात ठेवायची, ही तिची पद्धत. खाली मिरवणुकीचा डीजे येऊन उभा राहिला. डीजेवाला ऋषी आवाज तपासायला एकच सूर लांबवत होता. परात थरथरू लागली. रवा सरकत सरकत, पत्रा जिथं हलत नव्हता तिथं जाऊन बसला. मधोमध गोल आणि भोवती आरे.

शेजारच्या चारुशीलाबाईंनी ते पाहिलं आणि धम्मचक्र उमटलं म्हणून सगळ्यांना हाका मारल्या. बघता बघता परातीभोवती मेणबत्त्या लागल्या. सर्वांत पुढे हात जोडून कोण, तर माझे बाबा, नागसेन, आत्याचे सख्खे धाकटे भाऊ. मला त्यांची भयंकर चीड आली.

छप्पन साली आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली, नरखेडकडच्या आमच्या गावी परत आले आणि घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. गावानं पाणी बंद केलं, मजुरी बंद केली. आजोबा बधले नाहीत. देवांचा रिकामा पाट आजीनं जेवायला बसायला घेतला. तो आता आत्याकडे आहे. तिच्या घरात वंदना होते, चमत्काराला मात्र थारा नाही.

आत्यानं गच्चीवरून ओरडून ऋषीला सूर बदलायला लावला. सूर चढला तसं चक्र मोडलं आणि रव्याच्या दुसऱ्याच रेघा झाल्या. तिला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. तर बाबा म्हणाले, कमळ दिसतंय. मग मात्र तिचं डोकं फिरलं.

ती परात उचलून तडक स्वयंपाकघरात गेली. कढई चढवली, रवा भाजला, फोडणी घातली, उपमा केला. सगळे दारात गोळा झाले होते. असं करू नये, काही वाईट होईल, असं बाबा पुटपुटले.

"आपल्या बाबानं देव नदीत सोडले, त्याले भेव नाही वाटलं," आत्या म्हणाली. "अन् तू रव्याले भिऊन राहिला. काहून गा?"

तिनं तोच पाट मांडला, पुढे ताट वाढलं आणि बाबांना बस म्हणाली. चारुशीलाबाई निघून गेल्या, बाकीचेही पांगले. बाबा उभेच. ते बसले नाहीत, तर आजोबांनी नदीत सोडलेलं गाठोडं आमच्याच घरात परत येणार होतं. उपमा निवत चालला. मला त्यांना धरून खाली बसवावंसं वाटत होतं.

शेवटी बसले. एक घास घेतला, मग दुसरा.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आत्यानं मिठाची बरणी त्यांच्यापुढे आपटली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.